हमीपत्र मागे घ्या, पालकसभा संध्याकाळी घ्या: शिक्षण विभागाला एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि विभागातले सर्व अधिकारी,
जिल्हा परिषद

स.न.वि.वि.

आमच्या गावच्या शाळेत नोव्हेंबरात पालकसभा झाली. दिवस कामाचा, वेळ सकाळी अकराची. कापूस फुटून लोंबत होता, वेचणीला बाया मिळत नव्हत्या, जो तो घाईत होता. सभेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पालक आले. मग वरून कागद आला. मुलांची गैरहजेरी आणि कच्चं वाचन-गणित यांचं कारण म्हणजे पालकांचं दुर्लक्ष, असं त्यात लिहिलं आहे आणि प्रत्येक पालकाकडून हमीपत्र भरून घेण्याचा आदेश दिला आहे. मुलाचा रोज दोन तास अभ्यास घेईन, मोबाइल देणार नाही, घरात व्यसन होऊ देणार नाही, मुलाला शेतात नेणार नाही, सभा चुकवणार नाही. खाली सही किंवा अंगठा.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, दोन मुलांची आई आहे आणि चार एकर कोरडवाहू वावरात नवऱ्याच्या बरोबरीनं राबते. लग्नाआधी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले. त्या हमीपत्रावर मी सही केलेली नाही. का केली नाही ते तुम्हाला लेखी कळवते आहे, आणि गावोगावच्या पालकांनीही वाचावं म्हणून उघडपणे कळवते आहे.

तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटावा, दारू सुटावी, पोरं पुस्तक घेऊन बसावीत, हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त हवं आहे, कारण रात्री त्या घरात आम्हीच झोपतो. माझी हरकत हमीपत्रामागच्या समजुतीला आहे. पालक बिघडवतो, मूल बिघडतं आणि शाळेनं पालकाला दटावलं की सगळं सुधारतं, अशी ती समजूत आहे. घर असं चालत नाही. आई-बापाचं पाहून मूल घडतं हे खरं, पण मुलापायी आई-बापही रोज बदलत असतात. तुमच्या कागदाला यातली एकच बाजू दिसली, आणि त्या बाजूचंही फक्त वाईट तेवढं दिसलं.

आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगते. चौथीतला एक मुलगा. त्याच्या वर्गात गुरुजींनी कीटकनाशकाच्या डब्यावरचे त्रिकोण समजावून सांगितले: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. संध्याकाळी बाप ओट्यावर उद्याच्या फवारणीची तयारी करत बसला होता. पोरानं डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, याच्यावर लाल तिकोन हाये. गुरुजीनं सांगतलं, लाल म्हंजे सगळ्यात जहरी. आंगोळ केल्याबिगर आमाले हात लावू नका." बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तोंडाला दुपट्टा बांधला, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, आणि फवारणीवरून आल्यावर आधी मागच्या दारी अंघोळ केली, मगच धाकटीला उचललं. त्याआधी तो त्याच कपड्यांनी तिला मांडीवर घेऊन बसायचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतर आमच्याकडे सूचनांची पत्रकं आली, गावात भोंगा लावलेली गाडी फिरली. पण या बापानं ऐकलं ते पोराचं. पोराला ते सांगितलं होतं तुमच्याच शाळेतल्या गुरुजींनी. शाळेचा घरावर एवढा जोर चालतो, हे तुमच्या अहवालात कुठंच आलेलं नाही.

दुसरी गोष्ट एका मायलेकीची. माय किलोमागं मजुरीनं कापूस वेचते. शाळा सुटली की पोरगी वावराच्या धुऱ्यावर येऊन थांबते आणि काट्याकडे पाहत राहते. एका संध्याकाळी बावीस किलो भरला, भाव साडेनऊ रुपये. हातात दोनशे पडले. पोरगी तिथंच म्हणाली, "माय, दोनशे नऊ होते व. नऊ रुपये कमी देल्ले." मायनं तेव्हा तिला गप्प केलं. पण दुसऱ्या दिवशी काट्याजवळ ती स्वतः उभी राहिली, आकडा तोंडानं मोजला आणि पूर्ण पैसे घेतले. आता बाकीच्या बायाही त्या पोरीकडून हिशेब करून घेतात. ही पोरगी शाळेच्या चाचणीत गणितात मागे आहे, असा शेरा आहे. तोंडी हिशेब तिला मायच्या मजुरीनं शिकवला, आणि मायला काट्यापुढं बोलायचं बळ पोरीनं दिलं. या दोघींपैकी कोणी कोणाकडे दुर्लक्ष केलं, ते मला सांगा. आणि त्या चाचणीत तिच्या तोंडी हिशेबाला जागा का नाही, तेही सांगा.

आता पोळ्याचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांना आमंत्रण देतात. माझ्या सासऱ्यांनी केलं, नवरा करतो. यंदा तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलं लाकडी बैल घेऊन करतात त्या पोळ्याच्या, आदल्या रात्री माझा धाकटा, पहिलीतला, चुलीपाशी बसून आपल्या लाकडी बैलाच्या खांद्याला हळद लावत होता. बोटानं हळूहळू, ज्या बाजूला जू घासतं त्या बाजूला जरा जास्त. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाप कुठं जास्त चोळतो हे त्यानं पाहून ठेवलं होतं. मुलं आमच्याकडून काय उचलतात याची यादी करायला तुम्ही बसलात, तर तिच्यात खर्राही येईल आणि हेही येईल. मुक्या जनावराच्या दुखऱ्या खांद्याची काळजी आमची मुलं घरातूनच शिकून शाळेत येतात. शाळेनं त्याची कधी विचारपूस केली का?

हे मी केवळ मायेपोटी लिहीत नाही. अभ्यासकांनी यावर फार पूर्वी लिहून ठेवलं आहे. रिचर्ड बेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली हाच प्रश्न उभा केला. पालक असे वागतात म्हणून मूल तसं झालं, हे आपण गृहीत धरतो. पण मूल तसं वागतं म्हणून पालक असे वागू लागले, हेही तितकंच खरं असू शकतं, हा त्याचा मुद्दा होता. पुढं ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन आई-बाप आणि मुलं यांच्यातल्या कटकटी टिपल्या. त्यांनी जे पाहिलं ते आमच्या गावात रोज संध्याकाळी दिसतं. दिवसभर वाकून आलेला बाप, दिवसभर वाट पाहिलेलं पोरगं. पोरगं मोबाइल मागतं, बाप नाही म्हणतो. पोरगं रडतं, बाप ओरडतो. पोरगं लोळण घेतं, आणि बाप वैतागून मोबाइल पुढ्यात टाकतो. घर शांत होतं. लोळण घेतली की मिळतं, हे पोराला कळलं. देऊन टाकलं की सुटका होते, हे बापाला कळलं. उद्या पोरगं लवकर लोळेल आणि बाप लवकर देईल. दोघंही एकमेकांना शिकवताहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. पॅटरसन यांनी यावर उपाय काढला तो पालकांच्या प्रशिक्षणाचा: छोट्या छोट्या गोष्टींत कसं बोलायचं, कधी ठाम राहायचं, चांगल्या वागण्याची दखल कशी घ्यायची. सही घेऊन ही गाठ सुटत नाही. कोणीतरी शेजारी बसून ती उकलायला शिकवावं लागतं.

आणि ही गोष्ट तुमच्या विभागाला मान्य नाही असंही नाही. नवभारत साक्षरता कार्यक्रम तुम्हीच राबवता. आठवीच्या पुढची मुलंही त्यात स्वयंसेवक होऊन निरक्षर माणसांना शिकवू शकतात. नातू आजीला अक्षर शिकवू शकतो हे ज्या विभागाला पटतं, त्याच विभागाला त्या आजीचा आणि त्या मायचा मुलाच्या शिक्षणात काही वाटा आहे, हे का पटू नये?

आता तक्रारी मांडते.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. हवामान पाहून तुम्ही वेळापत्रक बदलता, आणि ते योग्यच आहे. मग पीक पाहून सभेची वेळ का बदलता येत नाही? जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून पुढं वेचणी. सकाळी अकराला सभेला बसायचं म्हणजे त्या बाईची अख्ख्या दिवसाची मजुरी जाते. ती आली नाही म्हणून तिला मुलाची पर्वा नाही, असा अर्थ काढणं हा अन्याय आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १० नं मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि ते आम्ही पाळलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ नं पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगण्याचं काम शिक्षकांवर सोपवलं आहे. ज्या वेळी पालक येऊच शकत नाही त्या वेळी सभा घेऊन ते काम पूर्ण होत नाही.

सभेत होतं काय, तेही सांगायला हवं. बाहेरून आलेले साहेब उभे राहून बोलतात, बाया खाली सतरंजीवर पदर सावरत ऐकतात. तुमच्या मुलाची नखं वाढली आहेत, तुमच्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत, असं सगळ्यांसमोर सांगितलं जातं. एकदा असं ऐकून गेलेली बाई पुन्हा येत नाही, आणि घरी गेल्यावर तो अपमान पोरीच्या पाठीवर निघतो. गाडगेबाबा आपल्याच मुलखातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. दारूवर, कर्जावर, पोरांच्या शिक्षणावर ते कडक बोलायचे, तरी लोक रात्र रात्र बसायचे. पालकांशी कसं बोलावं, याचा याहून जवळचा धडा कुठं शोधायचा?

गैरहजेरीचंही खरं कारण कोणी नोंदवत नाही. वेचणीच्या दिवसांत ज्या पोरी शाळेत येत नाहीत, त्यातल्या बऱ्याच घरी तान्ह्या भावंडाजवळ असतात. माय वावरात, आजी नाही, आणि अंगणवाडी सुटते ती बाया घरी येण्याच्या कितीतरी आधी. हजेरीपटावर त्या पोरीपुढं फक्त गैरहजर असं लागतं. मायनं दुर्लक्ष केलं म्हणून ती घरी राहिलेली नाही. घरात दुसरं मोठं माणूस नाही म्हणून ती आठव्या-नवव्या वर्षी मोठी झाली आहे. तिचं नुकसान होतं आहे, यात वाद नाही. पण मायच्या सहीनं त्या बाळाला सांभाळणारं माणूस उभं राहत नाही.

मुलाला शेतात नेणार नाही, ही अट तर मला मान्यच नाही. शाळा बुडवून मुलाला वेचणीला लावणं चूक आहे आणि समितीची सदस्य म्हणून मी ते स्वतः अडवते. पण रविवारी बापाबरोबर वावरात जाणं वेगळं. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या कामात मुलानं हातभार लावायला बालमजुरीच्या कायद्यातही मनाई नाही. २०१६ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट आहे. हातानं काम करत शिकावं हा विचार तर विदर्भातूनच देशाला गेला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, आणि सेवाग्रामला नयी तालीम उभी राहिली. त्याच विदर्भात आज वावर म्हणजे मुलाला जिथून लांब ठेवायचं अशी जागा ठरावी, याचं मला वाईट वाटतं.

खर्ऱ्याबद्दल. हो, आमच्याकडे बाप पोराला पाच-दहा रुपये देऊन पानठेल्यावर पाठवतो. लहान पोरं पन्नीवर हात घासून खर्रा घोटायचा खेळ खेळतात, ते पाहून पोटात कालवतं. पण तो पानठेला शाळेच्या फाटकातून दिसतो. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. ते बंद करणं सरकारच्या हातात आहे. त्याची हमी आम्ही कोणाकडून घ्यायची? पोरीनं तोंडावर विचारलं म्हणून खर्रा सोडलेले बाप गावात आहेत. तिला बळ द्या.

आणखी एक गोष्ट सभेत कोणी बोलत नाही, ती मी लिहिते. घरातली कर्जाची बोलणी मुलं ऐकतात. आपण समजतो ती झोपली आहेत, पण ती जागी असतात. सोयाबीनचा भाव पडला, सोसायटीची नोटीस आली, बाप दोन दिवस जेवला नाही, हे सगळं त्यांना कळतं. मग एखादं हुशार पोरगं वर्गात गप्प बसू लागतं, वहीसाठी पैसे मागत नाही, सहलीला नको म्हणतं. बापाला वाटतं पोराचं मन उडालं, तो आणखी खचतो. पोराला वाटतं आपल्यामुळंच बाप खचला. दोघं एकाच खोलीत राहून एकमेकांना ओझं देत असतात. गुरुजींना ते दिसतं, पण गुरुजी दोन आणि वर्ग पाच, त्यात ऑनलाइन माहिती भरण्याचं काम मागे लागलेलं. त्यांनी त्या बापाशी बोलायचं कधी? शिक्षकांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांचा जो वेळ पालकांसाठी असायला हवा तो दुसऱ्याच कामांना जातो, ही तक्रार आहे.

समितीबद्दल एवढंच, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तशा त्या कागदावर आहेतही. पण हमीपत्राचा मसुदा ठरताना आम्हाला कोणी विचारलं नाही. ठराव लिहून येतो आणि आम्ही सह्या करायच्या. पहिलीच्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' मेळाव्यात मातांचे गट केले होते, बाया हौसेनं आल्या होत्या, मुलांना घरातल्या डाळी-दाण्यांनी मोजायला शिकवत होत्या. नंतर त्या गटांकडे कोणी फिरकलं नाही.

आमच्या मागण्या अशा:

हमीपत्राचा आदेश मागे घ्यावा आणि ज्यांनी घाबरून सह्या केल्या त्यांचे कागद परत द्यावेत. मुलाच्या दाखल्याशी, शिष्यवृत्तीशी किंवा गणवेशाशी त्या सहीचा संबंध जोडला जाणार नाही, हे लेखी कळवावं. गावात तशी भीती पसरली आहे.

पालकसभा संध्याकाळी सात नंतर किंवा पोळा, अमावस्या अशा कामबंदीच्या दिवशी घ्यावी. तारीख समितीनं ठरवावी. शिक्षकांना त्या वेळेचा मोबदला म्हणून दुसऱ्या दिवशी सवलत द्यावी. तेही घरदार असलेली माणसं आहेत. कोणत्याही मुलाची उणीव सभेत सगळ्यांसमोर सांगू नये, ती त्याच्या आई-बापाला बाजूला घेऊन सांगावी, आणि आधी त्याला काय येतं ते सांगावं.

मातांचे गट पाचवीपर्यंत चालू ठेवावेत. मोबाइलचा हट्ट, राग, मार, अभ्यासाची कटकट यांवर काय करायचं हे शिकवणारं माणूस वर्षातून काही वेळा तरी गावात पाठवावं. भाषण नको. बायांना बोलू द्यावं.

वेचणीच्या महिन्यांत बाळांना संध्याकाळपर्यंत सांभाळण्याची सोय व्हावी. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची पाळणा योजना आहे. ते खातं तुमचं नाही, हे मला माहीत आहे. पण पोरी शाळेबाहेर राहतात त्या यामुळं, म्हणून महिला व बालविकास विभागाला पत्र तुम्हीच लिहायला हवं.

शाळेजवळची तंबाखूविक्री बंद करण्यासाठी पोलिसांकडे तक्रार विभागानं करावी, एकट्यादुकट्या मुख्याध्यापकावर ते टाकू नये.

मन खचलेल्या माणसाला फोनवर आधार देणाऱ्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत रंगवावा. बापाला फोन करायचा धीर नसेल तर पोरगं तो वाचून दाखवेल.

आणि महिन्यातून एक तास गावातल्या माणसांना वर्गात बोलवावं. बियाण्याची उगवण कशी तपासायची, बैलाचं दात पाहून वय कसं सांगायचं, काट्यावरचा हिशेब कसा धरायचा, हे त्यांनी मुलांना शिकवावं. बापाला खुर्चीवर बसवून गुरुजी त्याचं ऐकताहेत, हे मुलानं पाहावं.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. जिथं लागतो तिथं किती लागेल आणि कधी मिळेल ते कळवावं, आम्ही पाठपुरावा करू. या पत्राची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि ग्रामपंचायतीला दिली आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय समितीतर्फे मांडणार आहोत. त्याआधी लेखी उत्तर मिळावं, आणि तुमच्यापैकी एका अधिकाऱ्यानं त्या सभेला यावं, ही विनंती. त्या दिवशी बायांना वावरात न जाण्याबद्दल मी आधीच सांगून ठेवते आहे.

कळावे,

आपली नम्र,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य